पाठमोरी हिमानी

न्यूजर्सीतल्या एडिसन गावच्या खानझोड्यांची हिमानी सिनेमात गेली, हे आता ओक ट्री रोडवरच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. मिठाईवाला तर शपथेवर सांगतो की ती लहानपणी त्याच्याकडे जिलबी खायला यायची आणि त्याने तेव्हाच ओळखलं होतं. उत्तराला, म्हणजे हिमानीच्या आईला, हे ऐकून हसू येतं. एक तर हिमानी जिलबीला तोंड लावत नाही. आणि ओळखायचंच म्हणाल तर सख्ख्या आईला ते धड ओळखता यायला सात वर्षं लागली. मिठाईवाल्याला जिलबी तळता तळता कळलं असेल, तर कळलं असेल बापड्याला.

उत्तरा नागपूरची, धरमपेठेतली. नवरा अरुण कॉम्प्युटरवाला. त्याच्या नोकरीपायी पाच वर्षांच्या हिमानीचा हात धरून ती न्यूजर्सीला आली आणि पुढे स्वतःही एका विमा कंपनीत टेस्टिंगला लागली. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हे काम तिच्या स्वभावाला फार मानवलं. घरीसुद्धा ती तेच करायची, फक्त बिनपगारी.

२००१ सालच्या दिवाळीची गोष्ट. त्या सप्टेंबरनंतर मराठी मंडळात कुणालाच नाचगाणं नको होतं. आपल्यातलीच कितीतरी माणसं रोज ट्रेनने मॅनहॅटनला जाणारी. जे बघितलं ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण गुरुनाथकाका नाबर अडून बसले. कार्यक्रम होवो न होवो, मुलांचं नाटक होणार म्हणजे होणार.

हे गुरुनाथकाका मूळचे गिरगावातले, सत्तरच्या सुमारास अमेरिकेत आलेले. आठवडाभर राज्याच्या रस्तेखात्यात पूल तपासायचे आणि शनिवार-रविवार मंडळाची नाटकं बसवायचे. पुलाकडे आणि नटाकडे ते सारख्याच संशयाने बघत. लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे, आणि सगळेच त्यांना टरकून असायचे. तालमी व्हायच्या मंडळाच्या सेक्रेटरी शैलाच्या बेसमेंटमध्ये. तिथे काकांचा एकच कायदा होता, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. मरायचं असेल तरी तोंड पुढे करून मरायचं. कुणी चुकून वळलं की काका हातातली वही जमिनीवर आपटायचे आणि म्हणायचे, "मेलास. पाठ दिसली की नट मेला. तुझं थोबाड बघायला लोक आलेत, शर्टाची शिवण बघायला नाही."

अकरा वर्षांच्या हिमानीने हा कायदा असा काही मनावर घेतला की घरात हसावं की रडावं कळेना. फ्रिजमधून दूध काढताना ती मान वळवून हात मागे घालायची. खोलीतून बाहेर जाताना उलटी चालायची. अरुणने एकदा विचारलं, "हिला पाठीला काही लागलंय का ग?"

नाटक काकांनीच लिहिलेलं, एका राजाचं. हिमानीला काम मिळालं बाजारातल्या भाजीवालीचं, वाक्यं दोन. तिचं मराठी यथातथाच. उत्तराने तिच्याकडून ती दोन वाक्यं घोकून घेतली. कार्यक्रमाच्या दिवशी हिमानी टोपली घेऊन रंगमंचावर बसली, राजा यायची वाट बघू लागली, आणि राजा येईना. आतमध्ये राजेसाहेब बाथरूमचं दार लावून रडत होते. काका विंगेत घामाघूम. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली, आणि तिसऱ्या रांगेतली उत्तरा ती दोन वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणू लागली.

हिमानीने टोपलीतली गवार पुढे ओतली आणि निवडायला घेतली. देठ मोडायचा, शीर ओढायची, शेंग बाजूला. एखादी शेंग किडकी निघाली की ती उजेडात धरून बघायची, नाक मुरडायची आणि मागे टाकून द्यायची. मध्येच कमरेला हात लावून कण्हली. मग गिऱ्हाईक येतंय का म्हणून डोळ्यांवर आडवा हात धरून लांबवर पाहिलं, आणि तिच्याबरोबर अख्ख्या हॉलने तिकडे पाहिलं. शाळेच्या त्या सभागृहात एरवी मागच्या रांगांमधून समोशांवर चर्चा चालते. त्या दिवशी सगळे एका पोरीचं गवार निवडणं बघत बसले होते. राजा आला तेव्हा लोकांना त्याचा रागच आला.

उत्तरा चक्रावली. आपल्या घरात गवार कुणी खात नाही, मग ही शिकली कुठे? नंतर विंगेत काकांनी तिला गाठलं. ते नेहमीसारखे ओरडले नाहीत, आणि त्यानेच ती घाबरली.

"उत्तराबाई, हिला जपा," ते म्हणाले. "ही करून दाखवत नाही. ही बघून ठेवते."

उत्तराने मान डोलावली. काकांचं बोलणं तिला नीटसं कळलं नव्हतं. पण काकांनी कुणाचं कौतुक केलं हीच एवढी मोठी बातमी होती की ती अर्थाच्या मागे लागलीच नाही.

पुढची दोन वर्षं हिमानी मंडळाच्या प्रत्येक नाटकात असायची. २००३च्या ऑक्टोबरात एका दुपारी नागपूरहून भावाचा फोन आला. उत्तराची आई गेली होती. जायचा प्रश्नच नव्हता. ग्रीन कार्डाचा अर्ज अर्ध्यात लोंबकळलेला, आणि वकिलाने बजावून ठेवलं होतं, परवानगीचा कागद हातात येण्याआधी देश सोडलात तर सगळं मुसळ केरात. भाऊही म्हणाला, "तू पोहोचेपर्यंत सगळं आटपलेलं असेल, येऊ नको." मागे डायनिंग टेबलवर हिमानी गणितं सोडवत होती. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती.

उत्तराने फोन ठेवला आणि सिंककडे तोंड केलं. नळ मोठा सोडला. एक पातेलं घासलेलंच होतं, ते पुन्हा घासलं, पुसलं, मग कोरडं असूनही पुसतच राहिली. उजव्या पायाची टाच सपातेतून बाहेर आली आणि डाव्या पोटरीवर घासत राहिली. ही तिची लहानपणापासूनची खोड, आई नेहमी त्यावरून रागवायची. मग तिने नळ बंद केला, डोळ्यांना पदर नाही म्हणून बाही लावली, वळली आणि म्हणाली, "मॅगी करू का ग?"

"ओके," हिमानी वहीतून मान वर न करता म्हणाली.

आजी गेल्याचं तिला परीक्षा झाल्यावर सांगितलं. पोरीला काही कळू दिलं नाही, याचा उत्तराला दुःखातही थोडा अभिमान होता. बाई टेस्टिंगमध्ये मुरलेली, आपल्या कामात चूक राहिली नाही याची तिला खात्री होती.

२००७च्या वसंतात हिमानी सतरा वर्षांची झाली. शाळेतल्या नाटकाच्या शिक्षिकेने तिला न्यूयॉर्कमधल्या एका ऑडिशनचं सांगितलं. छोटा सिनेमा, पेनसिल्व्हेनियात लाँड्री चालवणाऱ्या एका देशी कुटुंबाचा. मोठ्या मुलीच्या कामासाठी नवा चेहरा हवा होता. अरुण म्हणाला, "जाऊन येऊ दे, हौस भागेल." अरुण कुठल्याही वादात दोन्ही बाजूंना मान डोलावणारा माणूस, त्यामुळे घरातले निर्णय आपोआप उत्तराच्या गळ्यात यायचे. मायलेकी मेट्रोपार्कहून ट्रेन पकडून गेल्या. उत्तराच्या पर्समध्ये थालीपिठं होती. तिच्या मते उपाशीपोटी जगात कुठलीच परीक्षा देऊ नये.

आत काय झालं ते तिला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. मार्गो नावाची दिग्दर्शिका, पन्नाशीची, केस विस्कटलेले. तिने हिमानीला सांगितलं की समोरच्या खुर्चीत तुझे वडील बसलेत, त्यांच्याशी बोल. खुर्ची पार पलीकडे, कॅमेरा अलीकडे. आणि गुरुनाथकाकांची शिष्या कॅमेऱ्याला पाठ दाखवेना. ती बोलायची खुर्चीतल्या वडिलांशी आणि तोंड करायची कॅमेऱ्याकडे. मार्गो म्हणाली, वडिलांकडे बघ. हिमानी खेकड्यासारखी तिरकी झाली. मार्गोने पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. सहा वर्षं अंगात मुरलेलं ते काय एका सकाळी निघतंय? शेवटी मार्गोने सुस्कारा टाकला आणि अमेरिकन लोक गोड बोलून कटवतात तसं कटवलं. थँक यू सो मच, यू वेअर वंडरफुल.

हिमानीला कळलं की संपलं. ती थँक यू म्हणाली आणि उलटी चालत निघाली, दाराशी ठेवलेल्या दिव्याच्या स्टँडवर जाऊन आदळली. सगळे हसले. मार्गो हसत म्हणाली, "हे काय चाललंय? उलटी का चालतेस?"

हिमानीने सांगितलं. गुरुनाथकाका, शैलामावशीचं बेसमेंट, पाठ दिसली की नट मेला. मार्गोने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. नाटक संपलं, प्रेक्षक घरी गेले. आता साधी माणसासारखी बाहेर जा."

मग हिमानी वळली आणि चालत गेली.

उत्तराला दिसलं ते दाराच्या या बाजूने. पोरगी बाहेर आली, चेहरा अगदी स्वच्छ, रागलोभ काही नाही. म्हणाली, "आई, थालीपीठ दे." उत्तराने डबा उघडला. तेवढ्यात मागून दार धाडकन उघडलं आणि मार्गो जवळजवळ धावतच आली. तिने उत्तराकडे पाहिलंही नाही. हिमानीच्या तोंडात घास होता, तिला म्हणाली, "आत ये. आत्ता काय केलंस ते मला परत बघायचंय."

काम हिमानीला मिळालं. उत्तराला कळेना की ही बाई भुलली तरी कशाला. पोरगी तर नुसती खोलीतून बाहेर आली होती.

त्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका आडगावी शूटिंग झालं. हिमानी अजून अठराच्या आतली म्हणून उत्तरा रजा टाकून बरोबर राहिली. रोज सेटवर कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायची आणि सवयीने चुका काढायची. देव्हाऱ्यातली समई चिनी दिसते, आपल्या घरात बूट घालून कुणी स्वयंपाकघरात येत नाही. मार्गो तिचं ऐकायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मात्र हिमानी म्हणाली, "आई, आज तू आत येऊ नकोस. प्लीज."

"का ग? मी काय खाते तुला?"

"बस, आज नको."

उत्तरा रुसली. दिवसभर बाहेर तंबूत बसून राहिली. दुपारी लोक बाहेर आले तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. दिवे लावणारा धिप्पाड माणूस, रोज तिच्याशी क्रिकेट म्हणजे काय यावर हुज्जत घालणारा, नजर चुकवून गेला. थोड्या वेळाने तोच परत आला, न मागता तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि तिचा खांदा हलकेच दाबून निघून गेला. उत्तराने धसकाच घेतला. पोरीने नक्की काहीतरी घोटाळा करून ठेवलाय. हिमानीला विचारलं तर ती म्हणाली, "इट्स फाइन, आई. माझा चेहरा फारसा दिसणार नाही त्यात."

झालं, उत्तराने मनाशी हिशेब मिटवला. एवढं सगळं करून चेहराच दिसणार नाही.

२००८च्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या. एका चांगल्या युनिव्हर्सिटीत हिमानीला फार्मसीचा सहा वर्षांचा कोर्स मिळाला. एक मेच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि मार्गोचा सिनेमा पाहून एका मोठ्या सिनेमाच्या लोकांनी तिला बोलावलं, ऑगस्टपासून लुइझियानात चार महिने, शिवाय त्याला जोडून आणखी एक काम. दोन्ही होणार नव्हतं. फार्मसीवाले थांबायला तयार नव्हते. तो दरवाजा बंद झाला की बंद.

अरुणने दोन्ही बाजूंना मान डोलावली. हिमानी म्हणाली, "आई सांगेल ते. खरंच. तू नाही म्हणालीस तर मी फार्मसी करीन आणि तोंड पाडणार नाही. पण आधी पिक्चर बघ."

उत्तराचं ठरलेलंच होतं. नाही. पोर गुणी आहे, कबूल. गवार निवडताना हॉलला गप्प केलं होतं तिने. पण नशीब लोकांच्या हातात देऊन, चेहराही न दिसणारी कामं करत, ही कुठवर जाणार? दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचं आयुष्य असं न तपासता सोडवेना. पिक्चर बघायचा, कौतुक करायचं आणि घरी येऊन नाही म्हणायचं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

प्रिन्स्टनजवळच्या एका जुन्या थिएटरात सिनेमा लागला. शनिवारी दुपारच्या खेळाला अर्धं मंडळ मिनीव्हॅन भरभरून लोटलं. शैला पैठणी नेसून, पर्समध्ये भाकरवडी घेऊन. गुरुनाथकाका आता रिटायर झालेले, गुडघ्यांनी दगा दिलेला, तरी कोट घालून उत्तराच्या शेजारी येऊन बसले. पडद्यावर हिमानी अधूनमधून दिसायची, कपडे घडी करताना, वडिलांशी भांडताना. ठीक होतं. लोक कौतुकाने खुसपुसत होते.

मग लाँड्रीच्या मागचं स्वयंपाकघर आलं. भिंतीवरचा फोन वाजला. हिमानीने तो घेतला, काही न बोलता ऐकलं, ठेवला. वडील गेले होते. आणि तिने कॅमेऱ्याला पाठ केली.

शैला कुजबुजली, "अग बाई, तोंड कुठे वळवलं?"

"गप," काका म्हणाले.

पडद्यावर सिंक होतं आणि एक पाठ. नळ मोठा सोडलेला. हात एक पातेलं पुसत होते, कोरडं ठणठणीत पातेलं, पुन्हा पुन्हा. उजवी टाच सपातेतून बाहेर आली आणि डाव्या पोटरीवर हळूहळू घासायला लागली.

उत्तराने खुर्चीचा हात घट्ट धरला. ती पाठ तिची होती. ते झुकलेले खांदे, ती आखडलेली मान, एकदाच, फक्त एकदाच बसलेला तो हिसका. आपली पाठ कशी दिसते हे जगात कुणालाच माहीत नसतं. उत्तराला ते अडतीस फुटी पडद्यावर दिसत होतं. जे तिने नवऱ्याला दाखवलं नव्हतं, भावाला फोनवर कळू दिलं नव्हतं, ते सगळं तिथे होतं, आणि थिएटरातली परकी, गोरी, पॉपकॉर्न खाणारी माणसं तिच्या आईसाठी रडत होती. कॅमेरा हलला नाही. तो बरोबर डायनिंग टेबल असतं तिथे बसला होता.

नळ बंद झाला. हिमानी वळली. चेहरा स्वच्छ. कुणाला तरी अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "भूक लागली का?"

सिनेमा संपल्यावर शैलाला बोलता येईना, हे मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडलं. गुरुनाथकाका बराच वेळ जागेवरून उठले नाहीत. मग काठी टेकत उत्तराला म्हणाले, "पाठ दाखवली कार्टीने. चाळीस वर्षं मी पोरांना मारून मुटकून पुढे तोंड करायला लावतोय." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच खिशात टाकला. "हे काही मी शिकवलेलं नाही. कुणी शिकवलं हिला?"

उत्तरा त्यांना धरून दाराकडे निघाली. तिचा हात काकांच्या दंडावर होता, आणि कोण कुणाला सावरत होतं ते सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर अरुण मुद्दाम गॅरेजमध्ये काहीतरी शोधायला गेला. ऊन अजून खिडकीत होतं. उत्तरा स्वयंपाकघरात गेली, सिंकशी उभी राहिली आणि सकाळचे कप विसळायला घेतले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हिमानी डायनिंग टेबलशी बसली होती, त्याच जागी.

"तू गणितं करत होतीस ना तेव्हा?" उत्तराने न वळता विचारलं.

"एकच गणित," हिमानी म्हणाली. "सगळा वेळ तेच एक. आय वॉज वेटिंग, आई. मला वाटलं तू वळशील. मग मी उठून येईन."

नळ वाहत होता. उत्तराची टाच सपातेतून निघाली, तिला ते कळलं, आणि मागून कुणीतरी ते बघतंय हेही कळलं. चार वर्षं, नाही, सगळं आयुष्य ही पोर त्या खुर्चीत बसून बघत आली होती. बाजारातली कुठली म्हातारी कमरेला हात लावून कण्हते ते, आणि आईची पाठ केव्हा हिसका देते ते. काही हरवू दिलं नव्हतं हिने. उत्तराला पोरीची अशी भीती वाटली जशी देवळात वाटते, आणि नाही म्हणायचे जुळवून ठेवलेले शब्द तिला शोधूनही सापडेनात.

तिने नळ बंद केला. बाही डोळ्यांना लावायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला. मग ती वळली, तो ओला, लाल, वेडावाकडा झालेला चेहरा घेऊन, आणि हिमानीला तो पुरता बघू दिला.

"लुइझियानात उकडतं म्हणे फार," ती म्हणाली. "सुती कपडे घ्यावे लागतील तुला."

हिमानी खुर्चीवरून उठली.